सगळ्यांसाठी उघडी खतावणी: इथरस्कॅन, बँक तपासणीच्या नजरेतून

इथरस्कॅन हे फुकट वापरता येणारं संकेतस्थळ आहे. इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेली, जोडलेल्या नोंदींची साखळी) झालेला कुठलाही व्यवहार तिथे शोधता येतो. लॉगिन नाही, परवानगी नाही, शिक्क्याचं पत्र नाही. २०१५ पासून ते चालू आहे आणि त्याच्याकडे वळणारे बहुतेक जण नाण्यांचा भाव बघायला येतात. मला भावाशी घेणं नाही. नागरी सहकारी बँकेच्या तपासणी विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. आता निवृत्त आहे आणि सोलापुरात सात रस्त्याजवळ एका सीए मैत्रिणीच्या ऑफिसात समवर्ती लेखापरीक्षणाचं काम बघते. ज्या संस्थांवर रिझर्व्ह बँकेसारख्या कुणाची तरी नजर असते त्यांनी आपली खतावणी अशी चारचौघांत उघडी ठेवली, तर तपासनिसाच्या हाती नेमकं काय लागतं, एवढंच मला बघायचं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. संस्थेची देणी तपासायला इतकं चोख साधन मी नोकरीत कधी पाहिलं नाही. तिची मालमत्ता तपासायला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. ज्यांना हा फरक कळतो त्यांनी ते जरूर वापरावं. ज्यांना कळत नाही त्यांना ते खोटा दिलासा देईल.

हे साधन माझ्यापर्यंत एका कामातून आलं. जुळे सोलापुरातला एक मुलगा परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. विवरणपत्र भरायला आला तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, पैसे आलेत की, हे बघा." मानधन यूएसडीसीमध्ये आलं होतं. हे डॉलरशी बांधलेलं नाणं, सर्कल नावाची अमेरिकन कंपनी काढते. समोर होता तो वॉलेटचा स्क्रीनशॉट, आणि स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं जायचं. मी त्याच्याकडून व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मागून घेतला. शून्य-एक्सने सुरू होणारी ही ६६ अक्षरांची ओळ असते. ती इथरस्कॅनच्या चौकटीत टाकली की व्यवहाराचं पान उघडतं.

पानावर व्यवहार यशस्वी झाला की फसला ते सगळ्यात वर दिसतं. फसलेला व्यवहारही तिथे कायम राहतो, त्याची फी गेलेलीही दिसते. बँकेत परत गेलेल्या चेकचा माग काढताना किती रजिस्टरं उलटावी लागायची, ते आठवून मला या एका गोष्टीचं फार मोल वाटलं. मग ब्लॉकचा, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक, वेळ, कुठल्या पत्त्यावरून (पत्ता म्हणजे इथला खाते क्रमांक समजा) कुठल्या पत्त्यावर, किती रक्कम, किती फी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकाम (संगणकांच्या शर्यतीतून ब्लॉक बनवायची जुनी पद्धत) सोडून नवी पद्धत घेतली. तेव्हापासून साधारण दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक होतो आणि सगळं नीट चाललं असेल तर जेमतेम १३ मिनिटांत व्यवहार मागे फिरवता न येण्याजोगा पक्का होतो.

इथे बँकवाल्याने जरा थांबावं. आपल्याकडे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं २३ वं कलम सांगतं की अधिकृत यंत्रणेतली पूर्तता अंतिम आहे, संस्था बुडाली तरी ती मागे फिरत नाही. आरटीजीएसला त्या कलमाचं पाठबळ आहे. इथेरियमवरचं १३ मिनिटांचं अंतिमत्व गणिताने येतं. ते गणित कितीही पक्कं असो, कोर्टात उभं राहायला कायदा लागतो. जर्मनीने तो केला. २०२१ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक रोख्यांचा कायदा आला आणि त्याच्या आधारावर सीमेन्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर ६ कोटी युरोचे रोखे काढले. तेव्हाही रोख्याची नोंद साखळीवर झाली आणि पैसे नेहमीच्या बँक मार्गाने फिरले.

त्या मुलाचं काम झालं, पण एक सांगून ठेवते. हॅशमुळे पैसे कधी आणि किती आले ते सिद्ध होतं. बँकेमार्फत आलेल्या परकीय चलनाचा दाखला त्यातून मिळत नाही. पुढे ते नाणं विकलं तर नफ्यावर ३० टक्के कर, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, वर १ टक्का टीडीएस. मी त्याला पुढचं मानधन थेट बँक खात्यात मागायला सांगितलं आणि तोच सल्ला इथेही देते.

मला खरा रस लागला तो नंतर, संस्थांची पानं उघडल्यावर. यूएसडीसीच्या पानावर 'कॉन्ट्रॅक्ट' असा टॅब आहे. त्यात नाणं चालवणारा कोड जसाच्या तसा वाचता येतो आणि शेजारी त्या कोडला प्रश्न विचारायची सोय आहे. एकूण पुरवठा किती, असं विचारा. आकडा येतो, शेवटचे ६ अंक दशांशाचे धरायचे. प्रत्येक नाणं म्हणजे एका डॉलरचं देणं, म्हणून ही संस्थेची त्या क्षणाची, त्या साखळीवरची एकूण देणी. वार्षिक अहवालाची, सभेची वाट बघायला नको.

हे किती मोठं आहे ते कळायला पिग्मीचं उदाहरण पुरे. आमच्या पूर्व भागात माझी आई विड्या वळायची आणि रोज पिग्मी भरायची. एजंट कार्डावर सही करायचा. कार्डावर आहे ते बँकेत आहे, हा तिचा विश्वास होता, आणि बहुतेक वेळा तो खराच होता. पण तपासणीत आम्ही जे शोधायचो ते नेमकं हेच: कार्डावर आहे आणि खात्यात नाही, पावती फाडली आहे आणि पुस्तकात जमा नाही. ठेवीदाराला स्वतःच्या कार्डापुरतं दिसतं. सगळ्या कार्डांची बेरीज बँकेच्या एकूण ठेवींशी जुळते का, हे त्याला कधीच दिसत नाही. सार्वजनिक साखळीवर ते दिसतं. नाणं तुमच्या पत्त्यावर असेल तर ते एकूण पुरवठ्यात धरलेलं आहेच, आणि ती बेरीज जगातला कुणीही करू शकतो. पुस्तकाबाहेरच्या ठेवीला तिथे जागाच नाही. विडी कामगार बायकांच्या ठेवींसाठी हे कधी झालं तर मला त्याचा मनापासून आनंद होईल.

चूक लपत नाही हा दुसरा गुण. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पॅक्सॉस या न्यूयॉर्कमधल्या नियंत्रित कंपनीने पेपालचं डॉलर-नाणं चुकून ३०० लाख कोटी डॉलरचं काढलं. जगाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. अर्ध्या तासाच्या आत ते नष्ट केलं आणि अंतर्गत तांत्रिक चूक होती, असं कंपनीने सांगितलं. ग्राहकांचं नुकसान झालं नाही. पण नाणी काढल्याची आणि नष्ट केल्याची, अशा दोन्ही नोंदी आजही तिथे आहेत. नवं नाणं नेहमी सगळी शून्यं असलेल्या पत्त्यावरून येताना दिसतं, त्यामुळे शोधायला सोपं. अशी एन्ट्री बँकेत पडली तर डे-एण्डच्या आधी उलटवतात, मेकर-चेकर, म्हणजे नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा, दोघे गप्प राहतात आणि तपासनीस सहा महिन्यांनी आला तर आला. इथे जग बघत होतं. अर्थात ही चूक आधी रोखली मात्र कुणी नाही, हेही नोंदवायला हवं. इतका आकडा एका दमात निघू शकतो, म्हणजे त्या जागी मर्यादेची अट नव्हती किंवा चालली नाही. उघडेपणा हा नियंत्रणाचा पर्याय होत नाही, आणि माझ्या अहवालात हा शेरा पहिल्या पानावर आला असता.

आता मालमत्तेची बाजू. १० मार्च २०२३, शुक्रवार. सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली आणि सर्कलने सांगितलं की राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकलेत. शनिवारी यूएसडीसीचा भाव ८८ सेंटच्या खाली गेला. त्या शनिवारी कुणी इथरस्कॅन उघडलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? सगळं ठीक. पुरवठा जुळतोय, व्यवहार होतायत, ब्लॉक १२ सेकंदांनी पडतायत. साखळी रात्रंदिवस चालू होती आणि ज्या बँकांत डॉलर होते त्या शनिवार-रविवार बंद होत्या. रविवारी अमेरिकी सरकारने त्या बँकेच्या सगळ्या ठेवींची हमी दिली तेव्हा भाव सावरला. संकट जिथे होतं त्या जागेवर साखळीचा प्रकाश पडतच नव्हता.

आपल्याकडच्या जखमेशी हे ताडून बघा. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जं झाकायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती उभी केल्याचं तपासात पुढे आलं. सुरुवातीला ठेवीदारांना खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. हे बनावट कर्जखातं ब्लॉकचेनवर नोंदवलं असतं तरी ते बनावटच राहिलं असतं. तारण खरं आहे का, कर्जदार आहे का, बॉयलर बसवलाय की फक्त कोटेशन लावलंय, यासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पायी जावं लागतं. मी जात असे. शेडवर जाऊन माग मोजले आहेत. निर्बंध आलेल्या बँकेच्या दारात म्हाताऱ्या ठेवीदारांशी मी बोललेली आहे, आणि म्हणून 'सगळं ब्लॉकचेनवर आहे, काळजी नको' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. देणी दाखवून झाली की ताबडतोब दुसरा प्रश्न विचारायचा: यामागे काय आहे आणि ते कुणी डोळ्यांनी बघितलं? यूएसडीसीच्या बाबतीत त्याचं उत्तर ब्लॅकरॉक ही गुंतवणूक कंपनी सांभाळत असलेला राखीव निधी, काही बँका आणि दरमहा डेलॉइटचा दाखला असं आहे. म्हणजे पुन्हा लेखापरीक्षकच.

नियम कोडमध्ये कसे बसवतात हे बघायचं असेल तर ब्लॅकरॉकच्या बीयूआयडीएल फंडाचं पान उघडा. मार्च २०२४ मध्ये तो इथेरियमवर सुरू झाला. आत सरकारी रोखे, रोकड आणि रेपो (रोख्यांच्या तारणावरची अल्पमुदतीची कर्जं). किमान गुंतवणूक ५० लाख डॉलर, म्हणजे आपण बघणारेच. पण बघण्यासारखं आहे. सिक्युरिटाइझ ही नोंदणीकृत संस्था ज्याचं केवायसी करून पत्ता मंजूर करते त्यालाच टोकन, म्हणजे फंडाचा साखळीवरचा हिस्सा, घेता येतं. बाकी कुणाला पाठवायला गेलात तर व्यवहार फसतो. साखळी सार्वजनिक आणि सभासदत्व बंद, असा हा मेळ आहे. फ्रँकलिन टेम्पल्टनने २०२१ मध्ये स्टेलर साखळीवर असाच नोंदणीकृत फंड आणला होता. नियंत्रित संस्थांना सार्वजनिक साखळी वापरायची असेल तर हीच वाट मला सगळ्यात समंजस वाटते, कारण इथे जबाबदार माणूस नावानिशी सापडतो.

गोठवण्याचा अधिकारही कोडमध्येच लिहिलेला असतो. यूएसडीसीच्या कॉन्ट्रॅक्टला एखादा पत्ता काळ्या यादीत आहे का, असं विचारलं की तो हो किंवा नाही सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टोर्नेडो कॅश या व्यवहार मिसळणाऱ्या यंत्रणेवर निर्बंध घातले तेव्हा सर्कलने तिच्या पत्त्यांवरची नाणी गोठवली. मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले. आपल्याकडे सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठतं आणि खातेदार काउंटरवर येऊन विचारतो, माझं काय चुकलं? काउंटरवरच्या मुलीलाही माहीत नसतं. साखळीवर निदान कधी गोठवलं आणि कुठल्या अधिकाराच्या पत्त्याने, ते तरी सगळ्यांना दिसतं. का गोठवलं, कुणाच्या आदेशाने, दाद कुठे मागायची, हे तिथेही नाही. शिवाय हा कोड बदलता येतो. पानावर 'प्रॉक्सी' असा शब्द दिसला की समजायचं, नियम बदलायची किल्ली कुणाकडे तरी आहे. 'एकदा लिहिलं ते कायम' हे झालेल्या व्यवहारांना लागू आहे. पुढच्या नियमांना नाही.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल निर्देश काढले. ते ज्यांना लागू आहेत त्या संस्थांना सेवा देणाऱ्याशी करार करावा लागतो, तपासणीचा हक्क लिहून घ्यावा लागतो, बाहेर पडायची योजना ठेवावी लागते. इथेरियम चालवणारे व्हॅलिडेटर जगभर विखुरलेले, त्यांतले अनेक निनावी. करारावर सही कोण करणार? फी कुणाच्या खिशात गेली ते कोण सांगणार? बँकांचे जागतिक भांडवली निकष ठरवणाऱ्या बासेल समितीने डिसेंबर २०२२ मध्ये ठरवलेल्या निकषांत बिटकॉइनसारख्या मालमत्तेला १,२५० टक्के जोखीमभार आहे. ८ टक्के भांडवलाने गुणा, १०० रुपयांना १०० रुपये येतात, म्हणजे बँकेने त्या मालमत्तेच्या पूर्ण रकमेइतकं स्वतःचं भांडवल बाजूला ठेवायचं. टोकन स्वरूपातल्या रोख्यांना इतका भार नाही, पण कसोट्या कडक आहेत. आपला डिजिटल रुपया आणताना रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक साखळी घेतली नाही, हे मला पटतं.

आणि गोपनीयता. चाटी गल्लीतला कापडवाला आपल्या पुरवठादाराला कधी, किती देतो हे शेजारच्या दुकानदाराला कळलं तर त्याचा धंदा बसेल. साखळीवर नाव नसतं, पत्ता असतो. पण एकदा तुम्ही मला पैसे पाठवले की तुमचा पत्ता मला कळला, आणि मग तुमचं सगळं जमाखर्च मी चहा पिता पिता वाचू शकते. माझ्या आईची पिग्मी अशी गल्लीला दिसावी असं मला अजिबात वाटत नाही. बेरीज सिद्ध व्हावी आणि खातं झाकलेलं राहावं, असं करणारं गणित आहे, त्याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात. ते रोजच्या बँकिंगात उतरलं की मी माझं मत पुन्हा तपासेन.

वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नाण्याच्या नावावर जाऊ नका, यूएसडीसी नावाचं टोकन कुणीही काढू शकतं. कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला कॉन्ट्रॅक्टचा पत्ता पूर्ण जुळवा. पत्त्याची पहिली आणि शेवटची चार अक्षरं बघून पैसे पाठवू नका. मे २०२४ मध्ये एकाने अशाच हुबेहूब दिसणाऱ्या पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचं इथेरियमवर फिरणारं रूप) पाठवले, किंमत सुमारे ७ कोटी डॉलर. त्यांतले बहुतेक वाटाघाटीनंतर परत मिळाले, पण तसं नशीब सगळ्यांना लाभत नाही. काही पत्त्यांवर नावाची चिठ्ठी दिसते. ती उपयोगी असते, पण ती केवायसी नाही. आणि इथरस्कॅन म्हणजे साखळी नव्हे, साखळी वाचून दाखवणारी ती एक खासगी कंपनी आहे. मोठी रक्कम असेल तर ब्लॉकस्काउटसारख्या दुसऱ्या संकेतस्थळावर तोच हॅश टाकून बघा. शिल्लक प्रमाणपत्र आम्ही जसं बँकेकडून स्वतंत्र मागवतो, त्यातलाच हा भाग.

सीए ऑफिसात काम करणाऱ्या मुलांना वर्षअखेरीचं एक सांगते. ३१ मार्चची शिल्लक घेताना वेळ बघा. इथरस्कॅनवर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे त्याच दिवसाचे १८:३० झालेले असतात. त्याआधीच्या शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक कार्यपत्रिकेत लिहा, त्या ब्लॉकवरची शिल्लक घ्या, पानाची प्रत काढून खाली सही आणि तारीख टाका. तारीख बघून शिल्लक काढलीत तर एक एप्रिलचे पहाटेचे व्यवहार मागच्या वर्षात येतील.